खिडकीचं गाणं

भवानी पेठ, पुणे
४ फेब्रुवारी १९८५

शालूबाई कुंजीर यांस,

सलाम-नमस्कार मुद्दाम लिहीत नाही. आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग ठरवीन.

मी बिलकिस. युसूफ तांबोळींची बायको. हे हडपसरला कारखान्यात फिटर आहेत. तुम्हाला हे मी सांगायला नकोच असेल.

आमच्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर आहे. त्याच्यावर दर रविवारी दुपारी हे एकच रेकॉर्ड लावतात. तुमची. लग्न झाल्यापासून नाही, पण थोरला मुलगा शाळेत जायला लागला तेव्हापासून नक्की. त्यात ना तबला, ना पेटी. कुठे पिठाच्या गिरणीचा खडखडाट, कुठे बुलबुलतरंग, आणि मध्येच तुम्ही खोकता. मी इतकी वर्षं म्हणत होते, असेल एकेकाची आवड. पण गेल्या आठवड्यात गाद्या उन्हात घालायला मोठी पेटी उघडली, तर खाली चादरीत गुंडाळलेल्या त्याच रेकॉर्डच्या आणखी सहा प्रती. सहा! एका बाईचा आवाज एका माणसाला किती वेळा विकत घ्यावा लागतो?

मी विचारलं, "कोण ही?" तर म्हणाले, "कोणी नाही." आणि पेटी लावून टाकली.

त्यात एक गाणं आहे. 'एवढीशी खिडकी काढा हो, मला बाहेर बघू द्या.' कोणाला सांगताय हे? मागच्या वर्षी ह्यांनी माझ्या स्वैपाकघराच्या भिंतीला न विचारता खिडकी पाडली. तेव्हा मला आनंद झाला होता. आता त्या खिडकीकडे बघवत नाही.

तुमचा मांजरी गावचा पत्ता रेकॉर्डच्या पाठीवर आहे, त्यावर लिहिते आहे. उत्तर माझ्या घरी पाठवू नका. माझी बहीण नसीमबानू नाना पेठेत राहते, तिचा पत्ता खाली दिला आहे.

बिलकिस तांबोळी

*

कात्रज
२२ फेब्रुवारी १९८५

बिलकिस तांबोळी यांस,

पत्र मिळालं. फोडलेलं मिळालं. मी मांजरीला राहत नाही, चौदा वर्षांपूर्वीच घर सोडलं. इथे डेअरीत दूध तपासायच्या विभागात नोकरी करते. मांजरीच्या घरात माझा भाऊ जयसिंग राहतो. त्याने तुमचं पत्र आधी वाचलं आणि मग माणसाबरोबर माझ्याकडे पाठवलं. का वाचलं, हे विचारायची आमच्यात पद्धत राहिलेली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोणी युसूफ तांबोळी मला ठाऊक नाहीत. आणि खरं सांगायचं तर ते आहेत की नाहीत, याचीही मला शंका आहे.

बाई, माझी ती रेकॉर्ड एकाहत्तर साली निघाली. दुकानदारांनी परत पाठवली. रेडिओवाल्यांनी विचारलं, ध्वनिमुद्रणात बिघाड होता का? माझ्या मैत्रिणी लग्नकार्यात भेटल्या की दुसरा विषय काढत. आणि तुम्ही म्हणता, भवानी पेठेत कोणी ती दर रविवारी ऐकतं, वर सहा प्रती जपून ठेवतं. जरा पटेल असं तरी लिहायचं.

आप्पा, म्हणजे आमचे वडील आप्पासाहेब, जाऊन तीन वर्षं झाली. उसाची जमीन माझ्या आणि जयसिंगच्या नावावर आहे. त्याला ती घरं बांधणाऱ्याला द्यायची आहे आणि माझी सही होत नाही. दिवाळीच्या सुमारास एक गृहस्थ आले. म्हणाले, उपेक्षित कलावंतांचा सत्कार करतो आहोत, इथे सही करा. कागद उलटून बघितला तर सत्कार कुठेच नव्हता. त्यानंतर आता हे तुमचं पत्र. आधी हार, मग भांडण. बाईमाणूस रागाच्या भरात भेटायला येईल, असा हिशोब असावा.

जयसिंगला सांगा, या वेळचं बरं जमलं होतं. गाद्यांचा तपशील तर फारच छान.

शालू कुंजीर

*

भवानी पेठ
४ मार्च १९८५

शालूबाई,

कोण तुमचा जयसिंग? तुमच्या जमिनीत ऊस उगवो नाहीतर घरं, मला काय करायचं आहे? मी माझा संसार सांभाळायला लिहिलं आणि तुम्ही मलाच चोर ठरवलंत.

तुम्ही ह्यांना ओळखत नाही म्हणता. मग काल जे झालं ते ऐका.

हे रविवारी सकाळी जुन्या बाजारात जातात. पाने-पकडी बघायला जातो, म्हणतात. काल मी बुरखा घालून मागे गेले. तिथे मच्छिंद्र म्हणून एक जुन्या रेकॉर्डी विकणारा बसतो. हे त्याच्यासमोर उकिडवे बसले. मी शेजारी पितळेची भांडी बघत होते. हे हळूच म्हणाले, "काय मच्छिंद्र, आली का?"

तो म्हणाला, "नाही ओ युसूफभाई. तुमची बाई काय या आठवड्यात आली नाही."

"आली तर..."

"आली तर बाजूला बसवून ठेवतो. दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. आणि खरं सांगू का, दुसरं कुणी मागतही नाही!"

दोघं हसले. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. ह्यांनी वळून बघितलं, पण बुरख्यातली बाई कोण हे त्यांना काय कळणार?

तर बाई, काल तुम्ही आला नाहीत. मागे कधी कधी आला होतात, तेवढं फक्त सांगा. तुम्ही खरं लिहिलंत तर मी आरडाओरडा करणार नाही. मुलीचं लग्न ठरायचं आहे.

बिलकिस

*

कात्रज
९ मार्च १९८५

बिलकिसबाई,

तुमचं पत्र डेअरीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मोठ्याने हसले. बरोबरच्या बायका बघत राहिल्या. मला हसताना त्यांनी फारसं पाहिलेलं नाही.

अहो, ती 'बाई' म्हणजे मी नव्हे. ती रेकॉर्ड. तुमचे यजमान माझी रेकॉर्ड आली का म्हणून विचारत होते. मच्छिंद्र ती त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो. जयसिंगला असलं काही सुचायचं नाही, त्याच्या डोक्यात विनोद नाही. म्हणून तुमच्यावर अर्धा विश्वास ठेवते. उरलेला अर्धा माझ्यापाशी राहू दे.

खिडकीचं म्हणाल तर ते गाणं माझ्या आईचं आहे. सोजरबाई तिचं नाव. आमच्या स्वैपाकघराला खिडकी नव्हती. ती आप्पांना वर्षानुवर्षं म्हणत होती, चुलीपाशी एवढीशी खिडकी काढा. आप्पा म्हणत, सुगी झाली की काढू. आई धुराने खोकून खोकून गेली. मी तिचे शब्द तिच्याच बोलीत गायले, आणि खोकलेही, कारण ती खोकल्याशिवाय बोलतच नसे. रेकॉर्ड निघाल्यावर एक प्रत आप्पांच्या हातात दिली. त्यांनी दोन दिवसांनी एवढंच विचारलं, "घरातलं गावाला सांगितलंस. आता समाधान झालं?" त्याच आठवड्यात मी घर सोडलं. त्यानंतर ते माझ्याशी गाण्याचा ग सुद्धा बोलले नाहीत.

आता माझं एक काम करा. रेकॉर्ड विकली गेली नाही, मी बहुतेक प्रती हातानेच वाटल्या. त्या बाजारात कशा आल्या हे मला कळायला हवं. पेटीतल्या प्रती उलटून बघा आणि पाठीवर काही लिहिलं आहे का ते कळवा. आप्पांची प्रत त्यात असणं शक्य नाही. ती मांजरीच्या माळ्यावर असेल, दोरीने बांधलेली. ते कुठलीच वस्तू टाकत नसत. न आवडलेली सुद्धा.

शालू कुंजीर

*

भवानी पेठ
१४ मार्च १९८५

शालूबाई यांना नमस्कार,

तुमचं पत्र नसीमने मला वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा दुरुस्तीला दिला होता. आईचा मजकूर मी तिला दोनदा वाचायला लावला. त्या गाण्यावरून मी काय काय लिहिलं! माफ करा.

हे कामावर गेल्यावर पेटी उघडली. सहाही प्रती नीट बघितल्या. पाठीवर काही लिहिलेलं नाही. कोऱ्या आहेत. दुकानातून परत गेलेल्याच असतील. तुम्ही वाटलेल्या प्रती लोकांच्या घरी असतील, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

माझा राग गेला आहे. आता हा विषय आपण इथेच संपवू.

बिलकिस

*

कात्रज
१९ मार्च १९८५

बिलकिसबाई,

कोऱ्या!

त्या रेकॉर्डची कोरी प्रत कुठे नाहीच. दुकानातून परत आलेला गठ्ठा मी घरी फोडला आणि एकूण एक प्रतीवर हिरव्या शाईने माझं नाव घातलं. ज्यांना दिली त्यांचं नाव त्याच्यावर. जिला घेणारं कोणी मिळालं नाही, तिच्यावर नुसतं माझं. हे तुम्हाला पढवणाऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने त्याची प्रत कधी उलटून बघितली नसणार.

म्हणजे तुमच्याकडे रेकॉर्डच नाही. पेटी नाही, मच्छिंद्र नाही, युसूफही नाही. मी माझ्या आईबद्दल तुम्हाला लिहिलं. चौदा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते लिहिलं. आणि तुम्ही मला 'हा विषय इथेच संपवू' म्हणता. काम झालं असेल तुमचं.

मी फसवली गेले याचं वाईट नाही वाटत, त्याची सवय आहे. कोणीतरी ऐकतं असं मी दहा दिवस धरून चालले, त्याचं वाटतं.

यापुढे पत्र आलं तर न फोडता परत करीन.

शालू कुंजीर

*

भवानी पेठ
८ एप्रिल १९८५

आदरणीय शालूताई,

पाकिटावर मुद्दाम कारखान्याचा शिक्का मारून आणला आहे. नाहीतर तुम्ही न फोडता परत केलं असतं.

मी युसूफ तांबोळी. आहे.

बिलकिसने सगळी पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि रडली. तिने तुम्हाला खोटं लिहिलं हे खरं आहे. सहाही प्रतींवर हिरवी शाई आहे. एकीवर 'जयसिंगदादा आणि वहिनीस', एकीवर तुमच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंचं नाव, एकीवर कुणी सरूबाई, दोन प्रतींवर नुसतं तुमचं. आणि एकीवर 'ती. आप्पांस'. ही माळ्यावर नाही, ताई. आमच्या पेटीत आहे. दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्राकडे आली. बिलकिसने ती बघितली आणि तुमचं पत्र आठवून तिच्याच्याने लिहवलं नाही.

माझं सांगतो. बहात्तर साली आमच्या कारखान्यासमोर दिगंबरशेटचं चहाचं हॉटेल होतं. कामगार सुटले की तिथे बसायचे ते उठायचे नाहीत. दिगंबरशेटला कोणीतरी तुमची रेकॉर्ड दिली होती. त्याने एक दिवस लावली, तर पाच मिनिटांत हॉटेल रिकामं. तेव्हापासून बंद करायची वेळ झाली की तो तीच लावायचा. सगळे हसत उठायचे. मी उठलो नाही. दिगंबरशेट खुर्च्या उलट्या ठेवत म्हणाला, "युसूफ, तुला समजलं नाही काय? ही जाण्याची रेकॉर्ड आहे." मी म्हटलं, "शेट, ही संपू दे, मग जातो." हॉटेल विकलं तेव्हा ती त्याने मला देऊन टाकली. प्लेअर मी नंतर घेतला.

याचं तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं लिहून आपल्यात एकदा झालं आहे.

का आवडली ते मला सांगता येत नाही, म्हणूनच घरीही सांगितलं नाही. एवढंच समजतं की खोकल्यानंतरची तुमची ओळ जरा खाली लागते. दुसऱ्या कोणी ती पुसून पुन्हा गायली असती. तुम्ही ठेवलीत. त्या खिडकीमुळेच मी आमची भिंत फोडली. बाजारात तुमची प्रत दिसली की घेतो, कारण हाताने नाव लिहिलेली वस्तू तशी जमिनीवर पडलेली बघवत नाही. तुम्हाला भेटायला दोनदा मांजरीच्या बसमध्ये बसलो होतो. फाट्यावर उतरून रस प्यायलो आणि परत आलो. जाऊन म्हणणार काय?

शेवटची गोष्ट. बाकीच्या पाच प्रती नव्यासारख्या आहेत, कोणी लावल्याच नसाव्यात. आप्पासाहेबांची तशी नाही. तिची एक बाजू नवी आहे. दुसऱ्या बाजूला खिडकीच्या गाण्यापुरता पट्टा घासून पांढरा पडला आहे. मी फिटर माणूस, झीज कशी होते ते मला कळतं. पुन्हा पुन्हा सुई तिथेच ठेवल्याशिवाय एवढं होत नाही.

आपला,
युसूफ तांबोळी

*

कात्रज
६ मे १९८५

युसूफभाई आणि बिलकिसबाई,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं आणि दर वेळी वाटलं, हे फारच बरोबर बसतंय. मला नेमकं जे ऐकायला हवं होतं, तेच कोणी का लिहावं? रेकॉर्ड मच्छिंद्राने घासली असेल, आणखी कुणी घासली असेल. आमच्या घरी प्लेअर होता खरा, आप्पा त्यावर अभंग ऐकत. पण ते माझी रेकॉर्ड लावतील हे मला पटेना.

म्हणून परवा मांजरीला गेले. घरात गेले नाही, गोठ्याकडे गेले. दत्तोबा अजून आहेत. मी लहान असल्यापासून आमच्या जनावरांचं ते बघतात. त्यांना सरळ विचारलं, "आप्पा माझी रेकॉर्ड ऐकायचे?"

ते वैरण टाकत होते, थांबले. म्हणाले, "तुला कुनी सांगितलं?"

"खरं काय ते सांगा."

"समदी रानात गेली का लावायचे. मला भाईर पायरीवर बसवायचे. म्हनायचे, दत्तोबा, कुनी आलं तर खोक. मी खोकलो का आतलं बंद व्हायचं. एकडाव आतली बाई खोकली, तर मला वाटलं मीच खोकलो!"

ते हसायला लागले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. मी विचारलं, मला कधी का नाही सांगितलं? तर म्हणाले, "त्यांनी शपथ घातली व्हती. आन् तू तरी कुठं इचारलं?"

जयसिंग ओसरीवर आला होता. त्याला म्हटलं, प्लेअर आणि रेकॉर्डी कुठे आहेत? म्हणाला, आप्पांच्या वर्षश्राद्धानंतर माळा साफ केला, भंगारवाल्याला दिलं सगळं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं असं तेव्हा प्रथमच वाटलं. त्याला माहीतच नव्हतं. सही मात्र मी केली नाही.

एकोणीस तारखेला रविवार आहे. मी येते. आप्पांची प्रत मला ऐकायची आहे.

शालू

*

भवानी पेठ
२८ मे १९८५

शालूताई,

आता नमस्कार आणि सलाम दोन्ही.

तुम्ही येऊन गेल्यापासून हे नीट जेवलेले नाहीत, आणि ते काही रोज्यांमुळे नाही. इतकी वर्षं ज्या बाईचा आवाज ऐकला ती समोर पलंगावर बसली, आणि ह्यांनी तिला काय विचारलं, तर "बस मिळाली का लगेच?" पुढे तासभर एक शब्द नाही. रेकॉर्डसुद्धा आधी उलट बाजूने लावली. मला हसू येत होतं, पण गाणं सुरू झालं आणि हसू गेलं. गाणं कसलं, नुसती खरखर. तिच्यातून तुमचा आवाज लांबून येत होता, वाऱ्याने विहिरीपलीकडून यावा तसा. तुम्ही पदर तोंडाशी धरून बसला होतात. मी तुमचा हात धरला, तो तुम्ही सोडवून घेतला नाहीत.

पण ताई, एक गोष्ट मला खुपते आहे. ह्यांनी ती प्रत तुम्हाला द्यायची म्हणून नव्या कापडाची पिशवी शिवून घेतली होती. तुमच्या वडिलांची वस्तू, तुमच्या हाताने लिहिलेली. तुम्ही पिशवी हातात घेतलीत, दारापर्यंत गेलात, आणि वळून परत ह्यांच्याकडे दिलीत. असं कोणी आपली वस्तू परक्यांकडे सोडून जातं? नसीम म्हणते, कुंजिरांच्या घरची वस्तू आपल्याकडे कशी, म्हणून उद्या त्यांचा भाऊ चौकशीला येईल. मी तिला गप्प केलं. पण तुम्ही शिकवलेला संशय आता मलाही सुटत नाही. का ठेवलीत ते लिहा.

आणि एक खरं सांगून टाकते. तुम्ही मला आवडलात. पण तुमची गाणी मला अजूनही आवडत नाहीत. गिरणीच्या गाण्याने तर माझं डोकं दुखतं.

तुमची,
बिलकिस

*

कात्रज
२ जून १९८५

प्रिय बिलकिस,

नसीमला सांग, कोणी येणार नाही. जयसिंगला मी पत्र लिहिलं आहे. आप्पांची रेकॉर्ड भवानी पेठेत आहे, ऐकायची असेल तर मला कळव, बरोबर जाऊ. त्याचं उत्तर आलेलं नाही. येईल असंही नाही.

का ठेवली ते सांगते. दारापर्यंत आले तेव्हा न्यायचीच होती. मग मनात आलं, नेऊन काय करीन? प्लेअर घेईन. खोलीचं दार लावीन आणि एकटी ऐकत बसेन, त्यांच्यासारखीच. त्या गाण्यात आता थोडाच जीव उरला आहे. सुई दर वेळी त्यातला कणभर खाते. ते त्यांनी चोरून ऐकलं, मला चोरून ऐकायचं नाही. युसूफभाईंना सांग, ती एरवी लावू नका, मी आले की लावा. रविवारची त्यांची नेहमीची प्रत आहेच. आणि पुढच्या वेळी त्यांनी मला काहीतरी विचारावं. बस लगेच मिळाली होती.

ईदला येते. शीरखुर्म्यात साखर बेताची घाल, मला गोड फार चालत नाही.

माझी गाणी आवडत नाहीत, असं तू लिहिलंस. फेब्रुवारीपासून तुमच्या घरून इतकी पत्रं आली. त्यातलं हे पहिलं वाक्य, जे वाचल्याबरोबर मला खरं वाटलं.

तुझी,
शालू